हत्तीवरून झाडे मोजणारा माणूस

१८५६ साली ब्रह्मदेशातल्या पेगू प्रांतात एक तरुण जर्मन माणूस हत्तीवर बसून सागाच्या जंगलातून फिरू लागला. त्याच्या डाव्या हातात बांबूच्या चार पट्ट्या असत आणि उजव्या हातात खिशातला साधा चाकू. वाटेच्या दोन्ही बाजूंना नजरेच्या टप्प्यात साग दिसला की त्याच्या जाडीचा अंदाज घ्यायचा आणि चारांपैकी योग्य त्या पट्टीवर खाच पाडायची. कोवळ्या झाडांची पट्टी वेगळी, तोडीला आलेल्या झाडांची वेगळी. त्या दमट, गळक्या जंगलात कागदापेक्षा बांबू बरा. हत्तीची चाल ठराविक असल्यामुळे किती अंतर कापले हे कळे, आणि खाचांवरून तेवढ्या पट्ट्यात किती झाडे हेही कळे. हिवतापाने आजारी पडत, पुन्हा उठत त्याने काही महिन्यांत जो हिशेब जमवला, तसा हिशेब त्या जंगलाचा तोवर कोणीही केलेला नव्हता.

त्याचे नाव डीट्रिख ब्रँडिस. हिंदुस्थानच्या वनखात्याचा हा पहिला इन्स्पेक्टर जनरल. वनखात्यातल्या लोकांना हे नाव पाठ असते; बाहेरच्यांना ते बहुधा ठाऊक नसते. माझे आणि जंगलाचे नाते तसे दूरचे. माझी सारी हयात बँकेत गेली. तारण म्हणून ठेवलेल्या धान्याची पोती गोदामात जाऊन मोजण्याचे काम मी बरीच वर्षे केले. त्यामुळे ब्रँडिसच्या त्या चार पट्ट्यांविषयी वाचले तेव्हा माझ्यातला कादंबरीकार गप्प राहिला आणि अधिकारी जागा झाला. हा माणूस जंगलाचे इन्स्पेक्शन करत होता. मुद्दल किती आहे, त्यावर वर्षाला व्याज किती सुटते आणि मुद्दलाला हात न लावता किती उचल देता येईल, एवढेच त्याला ठरवायचे होते. त्याचे चरित्र मी ह्या एका प्रश्नाच्या आधारे वाचत गेलो, आणि तो प्रश्न दिसतो तितका सरळ नाही असे माझ्या लक्षात येत गेले.

ब्रँडिसचा जन्म ३१ मार्च १८२४ रोजी बॉनमध्ये झाला. वडील विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. ग्रीस नुकताच स्वतंत्र झाला होता आणि तिथल्या गादीवर ओटो नावाचा बव्हेरियन राजपुत्र बसला होता. त्याचा सल्लागार म्हणून ब्रँडिसचे वडील १८३७ ते १८३९ अथेन्सला होते, आणि मुलाचे वाढीचे दिवस तिथे गेले. ऱ्हाइनकाठच्या दाट रानातून आलेल्या मुलाने तिथे बोडके डोंगर, बकऱ्यांचे कळप आणि मधूनच पिढ्यान्‌पिढ्या जपलेली ऑलिव्हची झाडे पाहिली असणार. पुढे तो वनस्पतिशास्त्र शिकला आणि १८४९ पासून बॉनलाच शिकवू लागला. सारे असेच चालू राहिले असते तर आपल्याला त्याचे नाव कळण्याचे कारण नव्हते.

पण १८५४ साली त्याचे लग्न झाले ते रेचल मार्शमन हिच्याशी. बंगालमधल्या श्रीरामपूरच्या प्रसिद्ध मिशनऱ्यांपैकी जोशुआ मार्शमन यांची ही मुलगी. तिचे पहिले यजमान श्रीरामपूरचे डॅनिश डॉक्टर आणि वनस्पतिशास्त्रज्ञ होते. ते वारले होते. तिची बहीण जनरल हॅवलॉकला दिलेली, म्हणजे १८५७ च्या लखनौच्या लढाईतला तोच हॅवलॉक. साडूच्या ओळखीने ब्रँडिसचे नाव लॉर्ड डलहौसीच्या कानावर गेले. एका अर्थाने, आपल्या देशाच्या जंगलाचा कायदा सासुरवाडीच्या वशिल्यातून आला! असो.

डलहौसीला जर्मन माणूस का हवा होता? इंग्रजांना झाडांचे प्रेम नव्हते असे नाही. पण ते प्रेम जमीनदाराच्या बागेतले. हवेलीपुढचा एकटा, डेरेदार ओक, त्याखाली चरणारी हरणे, फार तर आजोबांनी लावला आणि नातवाने जहाजासाठी विकला, एवढा त्याचा व्यवहार. सबंध डोंगरच्या डोंगर सरकारने शंभर-शंभर वर्षांच्या हिशेबाने सांभाळायचा, ही कल्पनाच तिकडे रुजली नव्हती. ती होती जर्मनीत आणि फ्रान्समध्ये. सॅक्सनीच्या चांदीच्या खाणींना लाकूड पुरेना, तेव्हा तिथल्या खाणखात्यातल्या हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झने १७१३ साली एक मोठा ग्रंथ लिहिला आणि जेवढे वाढते तेवढेच तोडावे हे सूत्र मांडले. फ्रान्समध्ये नान्सी गावी वनविद्येची शाळा निघाली ती १८२४ साली, ब्रँडिसच्या जन्मवर्षी. इंग्लंडमध्ये हे शिक्षण सुरू व्हायला १८८५ साल उजाडले, आणि तेही हिंदुस्थानसाठी माणसे हवीत म्हणून. खुद्द ब्रिटनचे सरकारी वनखाते तर १९१९ मध्ये निघाले. हिंदुस्थानचे १८६४ मधले. राज्यकर्ते इथे आधी शिकले आणि मग घरी गेले, अशा ज्या थोड्या गोष्टी आहेत त्यांतली ही एक.

ब्रह्मदेशात साग हे राजाचे झाड. जमीन कोणाचीही असो, साग राजाचा, अशी तिथली जुनी रीत. इंग्रजांनी पेगू जिंकल्यावर ती आयतीच उचलली. त्याआधी तेनासरीम प्रांतात परवाने वाटून त्यांनी मौलमीनच्या व्यापाऱ्यांना जंगल मोकळे सोडले होते आणि काही दशकांत ते ओरबाडून झाले होते. पेगूत तसे होऊ द्यायचे नव्हते. ब्रँडिसने आपल्या खाचांवरून नियम बसवला. सहा फूट घेराच्या वरची झाडेच तोडीची. आणि त्यांतलीही दर वर्षी तेवढीच, की त्यांच्या जागी खालच्या वर्गातली झाडे वेळेत वाढून आली पाहिजेत. ओला साग पाण्यावर तरंगत नाही. म्हणून उभ्या झाडाच्या खोडाभोवती सालीचा आणि खालच्या कोवळ्या लाकडाचा पट्टा काढतात, झाड उभ्या जागी दोन-तीन वर्षे वाळू देतात, मग तोडून हत्तींनी ओढ्यात ढकलतात. तेव्हा कोणत्या झाडाला पट्टा मारायचा हे जो ठरवतो तोच जंगलाचा खरा मालक. ब्रँडिसने तो अधिकार खात्याकडे ठेवला, आणि रंगूनचे व्यापारी त्याच्यावर उखडले.

ह्याच काळात त्याने जे एक काम केले ते मला सर्वांत मोलाचे वाटते. पेगूच्या डोंगरात करेन लोक राहत. डोंगराचा तुकडा तोडायचा, जाळायचा, एक-दोन वर्षे भात घ्यायचे आणि पुढे जायचे, ही त्यांची शेती. तिला तिकडे तौंग्या म्हणतात. तौंग म्हणजे डोंगर, या म्हणजे शेत. वनाधिकाऱ्याच्या दृष्टीने हा शुद्ध गुन्हा. दुसऱ्या कोणी शिपाई पाठवून लोकांना हुसकले असते. ब्रँडिसने त्यांच्याशी सौदा केला. तुम्ही तोडा, जाळा, भात पेरा. मात्र भाताच्या ओळींत साग लावा, दोन-तीन वर्षे त्याची निंदणी करा, मग खुशाल पुढच्या तुकड्यावर जा. करेनांना पीक आणि मजुरी मिळाली, सरकारला सागाची लागवड.

ही युक्ती त्याला सुचली कशी? मला वाटते, तिचे मूळ त्याच्या गावाजवळच असावे. बॉनपासून फार लांब नसलेल्या झीगरलँड भागात गावकरी सामाईक मालकीचे ओक आणि बर्चचे रान राखत. सोळा ते वीस वर्षांनी एकेक तुकडा बुंध्याशी तोडायचा, साल कातडी कमावणाऱ्यांना, कोळसा लोखंडाच्या भट्ट्यांना. मग त्याच जागी राखेत राय पेरायची, आणि बुंध्यांना नवे फुटवे आले की काही वर्षांनी गुरे सोडायची. अशी पद्धत शतकानुशतके चाललेली होती. तिथे त्याला कोणी रानटी म्हटले नाही. तीच गोष्ट करेन किंवा आपले कातकरी करू लागले की तिला जंगलाचा नाश म्हणायचे, हा पुढचा अनुभव.

१८६२ मध्ये त्याला हिंदुस्थान सरकारने सल्ल्यासाठी बोलावून घेतले. पुढच्या वर्षी रेचल वारली. १८६४ मध्ये तो इन्स्पेक्टर जनरल झाला आणि १८८३ पर्यंत त्या जागेवर राहिला. काम केवढे होते! मुंबई-ठाणे रेल्वे १८५३ ची. १८५७ नंतर तर लोहमार्ग झपाट्याने वाढू लागले. रुळांखालचे स्लीपर म्हणून मसाला न लावता टिकतील अशी झाडे मोजकीच, म्हणजे साग, साल, देवदार. हिमालयातल्या देवदारांवर कुऱ्हाडी पडत होत्या. वनखाते निघाले ते मुख्यतः ह्या स्लीपरांसाठी, हे विसरून चालणार नाही. ब्रँडिसने प्रांतोप्रांती हिंडून पाहणी केली, तरुण अधिकारी नान्सीला आणि जर्मनीला शिकायला पाठवले, १८७८ मध्ये डेहराडूनला वनविद्येची शाळा काढली. श्लिख आणि रिबेनट्रॉप हे त्याचे दोन जर्मन सहकारी पुढे एकामागून एक त्याच्याच खुर्चीवर बसले.

आणि १८७८ मध्येच वनकायदा झाला. ह्या कायद्याचा वाद जुना आहे, पण त्याची फळे आपण अजून खातो आहोत. एका बाजूला हेन्री बेडन-पॉवेल (स्काउट चळवळीच्या बेडन-पॉवेलचा हा सावत्र भाऊ). त्याचे म्हणणे असे की लोक जंगलातून लाकूड-पाला आणतात तो त्यांचा हक्क नव्हे, ती सवलत. पूर्वीच्या राजांनी ती दिली, आम्ही ती काढू शकतो. दुसऱ्या बाजूला मद्रास सरकार. त्याचे म्हणणे, ह्या देशात गावाचा हक्क नाही असे रान शोधून सापडणार नाही. ब्रँडिस मध्ये उभा होता. सरकारने मोक्याची जंगले राखून ठेवावीत, पण उरलेल्यांतून गावागावाला त्याचे स्वतःचे जंगल तोडून द्यावे, जसे युरोपातल्या कित्येक गावांना असते. कायद्यात तीन प्रकार आले: राखीव, संरक्षित आणि ग्रामवन. पहिले दोन वाढत गेले. तिसरे जवळजवळ सर्वत्र कागदावर राहिले.

आपल्याकडे ह्या कायद्याआधी काहीच व्यवस्था नव्हती असे नव्हे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड कसे मिळवावे हे सांगितले आहे. साग वगैरे लागेल ते हुजूरची परवानगी घेऊन तोडावे. पण आंबा-फणसाला हात लावू नये, कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे जुने झाड घ्यायचेच तर धन्याला राजी करून, पैसे देऊन घ्यावे. राजाला इथेही सागच हवा होता. पण झाडामागे माणूस उभा असतो, त्याला विचारल्याशिवाय कुऱ्हाड उचलायची नाही, हे भान त्यात होते. १८७८ च्या कायद्यात नेमके हेच हरवले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याच्या मसुद्याविरुद्ध निवेदन दिले. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये, म्हणजे ब्रँडिस निवृत्त झाला त्याच वर्षी, ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला आणि डोंगर, पडीक रान, गायराने सारे जंगलखात्याने गिळले, शेतकऱ्याच्या शेरडांना चरायला जागा ठेवली नाही, असा कडक आसूड ओढला.

मुंबई इलाख्यात खरे भांडण पेटले ते राबावरून. कोकणातल्या आणि ठाणे जिल्ह्यातल्या वाचकांना राब सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. भाताचे रोप टाकायच्या जागेवर उन्हाळ्यात शेण, झाडांच्या फांद्या, पालापाचोळा, गवत यांचे थर देऊन वर माती पसरतात आणि ते जाळतात. तण मरते, राख मिळते, रोप जोमदार येते. फांद्या बहुतेक ऐनाच्या. नोकरीत काही वर्षे मी ठाणे जिल्ह्यात पीककर्जे वाटत होतो. बांधाबांधांवर खांबासारखे उभे, डोक्यावर पाल्याचा तुरा असलेले ऐन मी तेव्हा पाहिले. शहरातून आलेल्या मला ती झाडे बिचारी वाटली. एका म्हाताऱ्या खातेदाराने मला समजावले की हे झाड त्याच्या आजोबांच्या वेळचे आहे, दर वर्षी ते पाला देते आणि शेंडा राखला की मरत नाही. त्याच्या हिशेबी हेच झाडाला सांभाळणे.

वनाधिकाऱ्याच्या हिशेबी हीच झाडाची विटंबना. त्याला सरळ सोट हवा. फांदी तोडली की गाठ पडते, लाकडाची किंमत उतरते. म्हणजे दोघेही मुद्दल न मोडता व्याजच खाणारे. पण एकाचे व्याज ऐंशी-शंभर वर्षांनी एकदम मिळणारे, आणि दुसऱ्याचे दर वैशाखात घरी येणारे. मुदत ठेवीच्या माणसाने बचत खात्यावाल्याला उधळ्या ठरवावे, तसा हा प्रकार. जिथे तिथे झाडाची निगा म्हणजे काय हे झाडावरून ठरत नाही. झाडाकडून कोणाला काय आणि कधी हवे, त्यावरून ठरते. ऐनावरचे हे भांडण इतके वाढले की सरकारला १८८५ मध्ये ठाणे-कुलाब्याच्या तक्रारींसाठी चौकशी आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. तोवर ब्रँडिस बॉनला परतला होता.

आगीचेही तसेच. सातपुड्यातल्या बोरीच्या जंगलात १८६४-६५ च्या सुमारास आग रोखण्याचा पहिला मोठा प्रयोग झाला आणि ब्रँडिसने ती पद्धत देशभर नेली. आग म्हणजे शत्रू, हे युरोपचे शिक्षण. पुढे ब्रह्मदेशातल्या ओलसर जंगलात असे दिसू लागले की वर्षानुवर्षे आग न लागलेल्या ठिकाणी नवा साग उगवतच नाही. बांबू आणि इतर झाडोरा त्याला दडपतो. १८९६ पासून खात्यातलेच लोक हे लिहू लागले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या जंगलांतली बंदी हळूहळू सैल झाली. डोंगरातले लोक आग लावत, त्यामागे काही कारण असेल, हे मोजमापाच्या पट्टीवर आले नव्हते.

ब्रँडिसला दोष किती द्यायचा? मी त्याला सरसकट निर्दोष सोडणार नाही. खाते त्याने उभारले, कायद्यावर त्याचा हात आहे, आणि राखीव जंगलाची रेघ ओढली की पलीकडचा माणूस चोर ठरतो हे कळण्याइतका तो हुशार होता. पण त्याच्या साहेबी पिढीत न दिसणारी एक गोष्ट त्याच्यात दिसते. तो पाहायला तयार असे. राजपुतान्यात फिरताना त्याच्या ध्यानात आले की तिथल्या संस्थानिकांची राखलेली राने शेजारच्या इंग्रजी मुलखातल्या रानांहून बरी आहेत, आणि ते त्याने सरकारला कळवले. कूर्गमधली आणि इतर प्रांतांतली देवाची राने त्याने पाहिली. निवृत्त झाल्यावर, १८९७ मध्ये, त्यांवर लेख लिहिला आणि इथल्या लोकांची स्वतःची वनविद्या म्हणून त्यांची नोंद घेतली. आपल्याकडच्या देवरायांची शास्त्रीय पाहणी वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी केली ती १९७० च्या दशकात. मधली पाऊणशे वर्षे देवराई म्हणजे अंधश्रद्धेचे झुडूप, असाच शिकलेल्यांचा समज होता.

ग्रामवनाची त्याची कल्पना मात्र फार रखडली. १९२७ च्या कायद्यातही ते कलम आहे, पण हललेले क्वचित. २००६ चा वनहक्क कायदा आल्यावर गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ मध्ये आपला बांबू आपण विकण्याचा परवाना. बॉनच्या त्या गृहस्थाने सुचवल्याला तोवर सव्वाशेहून अधिक वर्षे झाली होती.

निवृत्तीनंतर तो स्वस्थ बसला नाही. इंग्लंडमध्ये तयार होणाऱ्या वनाधिकाऱ्यांना जर्मनीची जंगले हिंडवून दाखवण्याचे काम त्याच्याकडे होते. १८८९ मध्ये गिफर्ड पिंशो नावाचा श्रीमंत अमेरिकन तरुण त्याच्याकडे आला. ब्रँडिसने त्याला नान्सीला धाडले. दुसरा शिष्य कार्ल शेंक याला त्याने अमेरिकेत बिल्टमोरला पाठवले आणि शेंकने तिथे १८९८ मध्ये त्या देशातली पहिली वनशाळा काढली. अमेरिकेत तोवर जंगल म्हणजे तोडून पुढे जायची वस्तू, पश्चिमेकडे आणखी आहेच, असा हिशेब होता. पिंशो १९०५ मध्ये तिथल्या वनसेवेचा पहिला प्रमुख झाला आणि पेगूत बांबूच्या पट्ट्यांवर पाडलेल्या खाचांचे शास्त्र अशा रीतीने महासागर ओलांडून गेले.

शेवटची काही वर्षे ब्रँडिसने लंडनजवळच्या क्यू उद्यानात वाळवलेल्या पानाफुलांच्या संग्रहात घालवली. ‘इंडियन ट्रीज’ हा त्याचा ग्रंथ १९०६ मध्ये निघाला तेव्हा तो ब्याऐंशी वर्षांचा होता. चार हजारांवर झाडे, झुडपे, वेली आणि बांबू त्यात आहेत. पुढच्याच वर्षी, मे १९०७ मध्ये, तो बॉनला वारला. त्या ग्रंथात लॅटिन नावांच्या जोडीला जिथे मिळतील तिथे देशी नावे दिली आहेत. हिंदी, तमिळ, ब्रह्मी आणि मराठीही. मराठी नावांत आपला ऐन आहे.